एकाच नावाचे दोन कॅमेरे

साहित्याच्या अध्यापकांनी संगणकाला जोडायच्या यूएसबी कॅमेऱ्यावर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण ज्या चुकीविषयी आम्ही लिहीत आहोत ती तंत्रज्ञानातली नाही; ती वाचनातली आहे, आणि ती आमच्याच हातून घडली आहे.

मराठी विभागात आम्ही दोघेच पूर्णवेळ अध्यापक. २०२० साली वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा विभागासाठी एक वेबकॅम घेतला गेला. दोन वर्षांनी, मौखिक परीक्षांच्या ध्वनिचित्रमुद्रणासाठी, त्याच नावाचा आणि त्याच मॉडेल क्रमांकाचा दुसरा आला. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये दोघांची नोंद एकाखाली एक, अक्षरशः सारखी. वर्षअखेरच्या पडताळणी समितीवर आमची नेमणूक झाली आणि आम्ही दोन्ही कॅमेरे एकाच संगणकावर लावून पाहिले. पहिल्याचे चित्र मोकळे आणि नितळ. दुसऱ्याचे पिवळट, आणि खोलीचा कमी भाग दाखवणारे. दुसऱ्याची वायरही किंचित बारीक होती. समितीतले एक सदस्य म्हणाले, “हा मूळचा नव्हेच. कुणीतरी बदलला आहे.” कपाटाची किल्ली प्रयोगशाळेच्या मामांकडे असे. मामा कंत्राटावर होते. अहवालाच्या कच्च्या मसुद्यात ‘वस्तू संशयास्पद, चौकशी व्हावी’ असे वाक्य आले. त्याखाली आम्ही दोघांनी सह्या केल्या.

त्याच आठवड्यात आम्ही वर्गात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीविषयी बोलत होतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पूर्ण झाले. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या हस्तलिखितांचे पाठ वेगळे आहेत, दक्षिणेकडचा पाठ बहुधा अधिक विस्तृत आहे. म्हणून संपादक त्याला बनावट ठरवीत नाहीत. ते आधी प्रतीची परंपरा शोधतात. हे आम्ही फळ्यावर लिहिले, आणि समितीच्या खोलीत मात्र विसरलो.

आमचा गैरसमज दूर केला तो संगणकशास्त्र विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने. यूएसबीने जोडलेले प्रत्येक उपकरण संगणकाला आपली ओळख आकड्यांत सांगते. पहिला क्रमांक उत्पादकाचा, दुसरा उत्पादनाचा, आणि तिसरा त्या उत्पादनाच्या आवृत्तीचा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून कॅमेऱ्याच्या तपशिलात ‘हार्डवेअर आयडीज’ पाहिले की व्हीआयडी, पीआयडी आणि आरईव्ही अशी ही तीन नावे ओळीने दिसतात. लिनक्समध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा सविस्तर पर्यायासह दिली की तोच तिसरा आकडा ‘बीसीडीडिव्हाइस’ या नावाने समोर येतो. हस्तलिखिताच्या शेवटी लेखनिकाने लिहिलेल्या पुष्पिकेसारखेच हे आहे. मुखपृष्ठ काहीही म्हणो, प्रत कोणत्या हाताची हे ती सांगते.

आमच्या दोन कॅमेऱ्यांचे पहिले दोन क्रमांक तंतोतंत जुळले. तिसरा जुळला नाही. एकाचा ०१००, दुसऱ्याचा ०२०४. म्हणजे उत्पादक तोच, उत्पादन तेच, आवृत्ती मात्र पुढची.

असे होते, आणि वारंवार होते, हे आम्हांला मग कळले. एखादा सेन्सर बाजारातून नाहीसा होतो, एखादी चिप स्वस्त मिळते. कारखाना आतली रचना बदलतो, पण खपणारे नाव बदलत नाही. लॉजिटेकच्या ‘क्विककॅम एक्सप्रेस’ या जुन्या कॅमेऱ्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. (आमचे कॅमेरे त्या कंपनीचे नव्हेत.) लिनक्सच्या यादीत त्या एका नावाखाली ०४६डी:०८४०, ०४६डी:०८७० आणि ०४६डी:०९२८ असे निरनिराळे क्रमांक सापडतात, आणि शेवटच्याला तर वेगळाच ड्रायव्हर लागतो. त्या काळी फरक निदान लपत नसे. चुकीचा ड्रायव्हर घातला की चित्रच येत नसे. २००३ साली यूएसबी कॅमेऱ्यांसाठी यूव्हीसी हे सामाईक मानक आले. ते पाळणारा कोणताही कॅमेरा एकाच ड्रायव्हरवर चालू लागला. सोय झाली, पण आतला बदल वापरणाऱ्याच्या नजरेआड गेला. चित्र येते, ते वेगळे का येते हे कुणी विचारत नाही. आम्ही विचारले, पण आधी उत्तर ठरवून.

तरीही केवळ तिसऱ्या क्रमांकावर विसंबून चालत नाही, हे त्या सहकाऱ्याने बजावले. तो आकडा उत्पादक स्वतः भरतो. आतली रचना बदलूनही तो तसाच राहू शकतो, आणि कधी रचना तीच ठेवून आतली आज्ञावली नवी केल्यावर तो बदलू शकतो. खात्रीचा पुरावा म्हणजे कॅमेरा उघडून चिपवरची अक्षरे वाचणे. शिवाय त्या क्रमांकावरून कॅमेरा त्याच उत्पादनाचा आहे एवढेच कळते. आमच्याकडे आला तो हाच, हे कळत नाही. आम्ही शिकवतो त्या भाषेत सांगायचे तर अंतर्गत पुरावा मिळाला होता, बाह्य पुरावा हवा होता.

तो मामांकडे निघाला. दुसऱ्या कॅमेऱ्याचा रिकामा खोका त्यांनी कपाटावर जपून ठेवला होता. “भंगार कशाला साठवता?” असे आम्हीच त्यांना एकदा हसून म्हटले होते. खोक्यावरच्या चिठ्ठीतला अनुक्रमांक, कॅमेऱ्याच्या वायरीवरच्या बारीक पट्टीवरचा अनुक्रमांक आणि पुरवठादाराच्या बिलावरचा अनुक्रमांक, तिन्ही एकच. कॅमेरा जसा आला तसाच होता. कोणीही काही बदलले नव्हते. बदलले होते ते कारखान्याने, नाव न बदलता.

आम्ही मसुद्यातले वाक्य खोडले आणि मामांना बोलावून सगळे सांगितले. सहीचेही सांगितले. ते न सांगता निभावले असते, आणि तो मोह झाला नाही असे नाही. मामांनी खोका हातात घेतला, थोडा वेळ चिठ्ठीकडे पाहिले आणि विचारले, “सर, हा मी रद्दीत टाकला असता तर?”

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. पाठभेद म्हणजे भ्रष्ट पाठ नव्हे, हे वाक्य आम्ही इतक्या वेळा उच्चारले आहे की त्याचा अर्थ आम्हांला ऐकू येईनासा झाला असावा. ग्रंथाच्या बाबतीत घाईने निर्णय दिला तर पुढचा संपादक तो दुरुस्त करतो. कंत्राटावरच्या माणसाच्या बाबतीत तशी दुसरी आवृत्ती निघत नाही.

विभागाच्या रजिस्टरमध्ये आता वस्तूचे नाव आणि मॉडेल यांच्या पुढे आम्ही दोन रकाने आखले आहेत: अनुक्रमांक आणि आवृत्ती क्रमांक. दोन्ही रकाने आम्हीच भरतो. खोके मात्र मामाच ठेवतात, आणि कपाटावर जागा उरली नाही म्हणून आता एक फळी आमच्या टेबलामागे ठोकली आहे.