आधी ठिणगी, मग इंधन

शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव आपल्या समाजात आदराने घेतले जाते. 1882 मध्ये सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग या देशात उभे करण्याचे धाडस केले. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. त्यांपैकीच 1954 चा एक पेट्रोल फार्गो आजोबांनी बार्शीच्या आमच्या आडत दुकानासाठी घेतला होता.

वडील गेल्यानंतर तो गोदामाच्या शेडमध्येच असे. महिन्यातून एकदा सुरू केला की काळा धूर थेट शेजारच्या घरात शिरे. तिथल्या वृद्ध काकूंना दम्याचा विकार. एके दिवशी आईने निर्वाणीचे सांगितले, "घरातली आठवण म्हणून ट्रक ठेवायचा तर ठेवा, पण आपल्या आठवणीचा त्रास दुसऱ्याच्या श्वासाला नको. धूर थांबत नसेल तर पाडव्याच्या आत भंगारात द्या."

दोन गॅरेजवाल्यांनी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून पाहिले. तिसऱ्याने डिझेल इंजिन बसवण्याचा सल्ला दिला. शेवटी एका वयोवृद्ध मिस्त्रींना विनंती केली. त्यांनी बॉनेट उघडले, मात्र कार्ब्युरेटरला हातही लावला नाही. म्हणाले, "भाऊ, आधी ठिणगी, मग पेट्रोल. ठिणगी वेळेवर पडत नसेल तर पेट्रोलला दोष देऊन काय उपयोग?"

सहाही प्लग काजळीने काळे झाले होते. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट खडबडीत झाले होते. या इंजिनात पॉइंटमधील फट एका इंचाचा पन्नासावा भाग, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर हवी. ती जेमतेम निम्मी उरली होती. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, तशी फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. ही झीज इतकी संथ असते की रोज गाडी चालवणाऱ्यालाही ती जाणवत नाही. म्हणूनच प्रथम फट नीट करावी आणि नंतर टायमिंग; क्रम उलटला तर केलेले टायमिंग पुन्हा बिघडते.

ट्रकची यंत्रणा 6 व्होल्टची, म्हणून टायमिंग लाइटला वेगळी 12 व्होल्टची बॅटरी जोडली. तिची तार पहिल्या सिलिंडरच्या प्लगला लावली. लखलखत्या प्रकाशात वेगाने फिरणाऱ्या पुलीवरची खूण जणू स्थिर उभी दिसते. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला आणि खूण जागेवर आली. ठिणगी फार उशिरा पडली तर इंजिन तापते आणि जोर हरवते. फार लवकर पडली तर चढावर ठोके ऐकू येतात आणि पिस्टनला इजा होते.

मग कार्ब्युरेटरची पाळी. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे 15 किलो हवा लागते; म्हणजे एका लिटरमागे जवळजवळ 9,000 लिटर. इथे तर हवेची वाटच अडली होती. एअर फिल्टरच्या तेलात गाळ साठला होता आणि चोकची झडप अर्धवट मिटून अडकली होती. दोन्ही साफ केल्यावर इंजिन चांगले तापू दिले. आयडलचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घेऊन दीड आटे बाहेर काढला. पुढे व्हॅक्युम गेजकडे पाहत तो थोडा आत, थोडा बाहेर फिरवला. जिथे काटा सर्वांत वर गेला आणि थरथर थांबली, तिथे हात थांबला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिचा परिणाम पाहिल्याखेरीज दुसरीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम शेवटपर्यंत मोडला नाही.

हे काम नेहमी मोकळ्या जागेत करावे. काळा धूर निदान दिसतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंगही नाही, वासही नाही, आणि बंद शेडमध्ये तो प्राणघातक ठरतो.

बिघाड दिसला की जो स्क्रू हाताशी असेल तो फिरवण्याची सवय केवळ गॅरेजातच असते असे नाही. दुकानात उधारी थकली की आपण मुनीमजींना बोलतो, घरात मुलाचे गुण घसरले की शिकवणी बदलतो. मूळ कारण बहुधा एक पायरी मागे, एखाद्या संथ झिजेत दडलेले असते. ते शोधण्यास धीर लागतो, आणि तोवर हात आवरून धरण्यास संयम.

पाडव्याला ट्रक गोदामाबाहेर उभा राहिला. काकूंच्या खिडक्या त्या दिवशी उघड्या होत्या. फायबरची टाच पुन्हा झिजणारच. म्हणून नव्या वहीच्या पहिल्या पानावर हिशेबाआधी आईने एक ओळ लिहून घेतली : दर सहा महिन्यांनी पॉइंट तपासणे.