दंडोबा, ऊन आणि खंड्या

सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांचं एक गंमतीशीर साम्य आहे. दोघांचीही पश्चिम हिरवीगार आणि पूर्व कोरडी ठणठणीत. साताऱ्याला महाबळेश्वर आहे आणि माण-खटावही आहे. सांगलीला शिराळा आहे आणि जतही आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते मिरजेहून, हे सगळ्यांना आठवत असेल. पण त्याच मिरजेतून पंढरपूर रस्त्याला लागलात की थोड्याच वेळात माती तांबूस-करडी होते, झाडं बुटकी होतात आणि एप्रिल महिन्यात सकाळी नऊलाच डोकं तापायला लागतं. पुण्यात ऑफिसच्या एसीत बसून "आज फार उकडतंय नाही?" म्हणणाऱ्यांनी एकदा इकडे यावंच.

तर मंडळी, आम्ही गेलो होतो. सांगलीत इंजिनिअरिंग केलेले आम्ही सहा जण. आता चौघं पुण्यात, एक साताऱ्यात, एक सांगलीतच. दर उन्हाळ्यात एक रविवार सगळ्यांनी मिळून कुठेतरी पायी फिरायचं असं ठरलेलं आहे. गेल्या वर्षी अजिंक्यतारा झाला, यंदा सांगलीची पाळी म्हणून दंडोबा. भोसे गावाजवळचा हा डोंगर, वन खात्याची झाडी आणि वर खडकात कोरलेलं महादेवाचं देऊळ. आतला प्रदक्षिणेचा मार्ग अंधारा आणि भर उन्हाळ्यातही गार. ट्रेकिंगवाले याला डोंगर म्हणतील की नाही शंका आहे, पण आमच्यासारख्या खुर्चीत बसून वजन वाढवलेल्यांना पुरे.

सहा जण आणि एक कुत्रा. सातारकर मित्राचा खंड्या, पाच वर्षांचा, लॅब्रेडॉर आणि गावठी यांचं मिश्रण, अठ्ठावीस किलो. हे नाव कुठून आलं ते सांगायलाच हवं. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात त्या संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे. महाराज १७४९ मध्ये गेले. तिथेच त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी दाखवतात, त्याचं नाव खंड्या. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. आमचा सातारकर हे इतक्या अभिमानानं सांगतो की जणू पालखीचे भोई याच्याच घरातले होते!

पुण्याची गाडी वाटेत पंक्चर झाली. सहाला निघायचं ते चालायला सुरुवात केली साडेनऊला. इथेच सातारकर जरा गप्प झाला. मी पाण्याच्या बाटल्या मोजल्या. खंड्या मात्र खुशीत होता, शेपटी थांबत नव्हती.

वाटेत एक बेदाण्याचं शेड लागलं. पुण्याच्या मंडळींनी ते पहिल्यांदाच पाहिलं. हिरव्या जाळीआड एकावर एक थर आणि त्यावर पसरलेली द्राक्षं. मालकांनी आग्रहानं ओंजळभर बेदाणे हातावर ठेवले. त्यांच्या नातवानं दोन दाणे खंड्यापुढे धरले तसा सातारकर जवळजवळ ओरडलाच. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कोणत्या कुत्र्याला किती बाधेल याचा नेम नाही, म्हणून एक दाणाही द्यायचा नाही. सगळा तालुका जे पिकवतो तेच याला चालत नाही. मालक म्हणाले, "हे आमाला बी नवीनच." मला वाटतं त्या दिवसातलं सगळ्यात उपयोगी ज्ञान तिथेच वाटलं गेलं.

मग चढ लागला. अकरा वाजायला आले होते. झाडांची पानं गळलेली, सावली नावापुरती. अर्ध्या वाटेवर खंड्या एका करवंदीच्या जाळीखाली बसला. आम्ही पुढे निघालो तसा उठून आला. पुन्हा बसला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा त्याची जीभ रुंद होऊन बाजूला लोंबायला लागली होती आणि लाळ चिकट तारेसारखी झाली होती. सातारकरानं तळहाताची मागची बाजू खडकावर टेकवली. सात सेकंद ठेवता आली तर कुत्र्याला चालवायचं असा त्याचा नियम. तिसऱ्या सेकंदाला त्यानं हात उचलला. "मी खाली जातोय," तो म्हणाला.

"अरे पंधरा मिनिटांवर देऊळ आलं, वर गारच आहे की," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "गावातली कुत्री बघ ना, दिवसभर उन्हात असतात. आणि येतोय की तो मागनं. झेपत नसतं तर आला असता का?"

खरं सांगायचं तर या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडे झटकन उत्तर नव्हतं. ते खाली मिळालं. आम्ही सगळेच उतरलो, कारण शेवटच्या टप्प्यात खंड्याचे मागचे पाय लटपटायला लागले. एकानं बसायला आणलेली चादर काढली, तिची झोळी केली आणि चौघांनी चार टोकं धरली. (खंड्याला शेवटी पालखी मिळाली, हे नंतर हसत म्हणालो. तेव्हा कुणी हसत नव्हतं.)

पायथ्याला लिंबाखाली एका मामांची मेंढरं बसली होती. त्यांची दोन कुत्री ओल्या मातीत खड्डा उकरून पोटं टेकवून पडलेली. म्हणजे गावातली कुत्री दिवसभर उन्हात नसतातच, आपण बघत नाही इतकंच! मामांनी एक नजर टाकली आणि शेजारच्या हौदाकडे बोट केलं. "आदी पानी वता. इचारपूस मागनं." आम्ही बादलीनं पाणी ओतत होतो, एक जण कागदानं वारा घालत होता. मामा म्हणाले, "ते तुमच्या मागं येतंय म्हंजे त्याला झेपतंय असं न्हवं पोरांनो. त्येला मागं ऱ्हायाला जमत न्हाई."

अर्धा तास ओतल्यावर खंड्यानं मान उचलून थोडं पाणी प्यायलं. मग मिरजेला डॉक्टरांकडे. एवढं करूनही ताप १०४ निघाला. कुत्र्याचा नेहमीचा असतो १०१ ते १०२.५. सलाईन लावलं, दोन दिवसांनी मूत्रपिंडासाठी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट चांगला आला.

डॉक्टरांनी समजावलं ते थोडक्यात असं. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी सगळं काम धापा टाकण्यावर. हवाच तापलेली असली की ते यंत्र तोकडं पडतं. आधी जागेवर गार करायचं, मगच गाडीत घालायचं. पाणी कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलं की झालं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवायचा नाही, तो उष्णता कोंडतो. चपट्या नाकाच्या जातींना तर याहून धोका. २००३ ची हचची जाहिरात आठवतेय? मुलाच्या मागे मागे सगळीकडे जाणारा पग? ती बघून घरोघरी पग आले. मागे मागे जाणं ज्याला उन्हात सगळ्यात महाग पडतं, नेमका तोच कुत्रा.

नंतर मी थोडं वाचलं. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांचा २०२० मधला एक अभ्यास आहे. उष्माघाताच्या ज्या घटनांचं कारण नोंदलं होतं त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश घटना बंद गाडीतल्या नव्हत्या, धावण्या-चालण्याच्या होत्या. म्हणजे मालकाबरोबर मजेत फिरताना झालेल्या. आणि हे ब्रिटनच्या उन्हात, दंडोबाच्या नव्हे!

मला मामांचं वाक्य सोमवारी ऑफिसात पुन्हा ऐकू आलं. आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगा आहे. रिलीज असला की रात्री दोनला त्याचा मेल येतो, सकाळी नऊला तो जागेवर असतो, आणि विचारलं की "नो इश्यूज" म्हणतो. आम्ही सगळे समजतो, त्याला झेपतंय. त्या सोमवारी मी त्याच्या दोन टास्क स्वतःकडे घेतल्या. त्यानं दोनदा "नको" म्हटलं आणि तिसऱ्यांदा "थँक्स". असो, हा विषय निराळा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

देऊळ राहिलं ते राहिलंच. पहिल्या पावसानंतर पुन्हा जायचं ठरलंय, सकाळी साडेपाचला पायथ्याशी. गाडी पंक्चर झाली तर त्या दिवशी चालायचं नाही, नुसती मिसळ खायची. आणि कुठून मागे फिरायचं ते खंड्या जिथे पहिल्यांदा बसेल तिथे ठरेल. पुणेकरांनीही याला हात वर केले.