चाकांवरचं घर आणि वेशीवरचा दगड

इंग्लंडला जाऊन आले म्हटलं की सगळे आधी लंडनबद्दल विचारतात. लंडन मी विमानतळापुरतंच पाहिलं. माझ्या सुट्टीतले सहा दिवस गेले ते डर्बीशर परगण्यातल्या एका शेतात, मेंढ्यांच्या शेजारी, चाकांवरच्या एका खोलीत. मंडळाच्या अंकासाठी लेख मागितला तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही, म्हणून त्याबद्दलच लिहितेय.

कॅरव्हॅन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन येते. ही तशी नव्हे. हिला इंजिन नसतं. दोन चाकांची लांबट पांढरी खोली, ती आपल्या गाडीमागे अडकवायची आणि ओढत न्यायची. माझी आत्या लेस्टरला राहते. तिने ही जुनी कॅरव्हॅन विकत घेतली आहे. काकांना रजा नव्हती, धाकट्या भावाची शाळा चालू होती, म्हणून जूनमधले ते सहा दिवस आम्ही तिघीच निघालो : आत्या, आजी आणि मी. रस्ताभर आजी दर पाच मिनिटांनी मान वळवून बघायची, "येतंय ना ग मागे? सुटलं तर नाही?"

बेकवेल गावापासून थोडं आत एका शेतकऱ्याच्या कुरणात आमची जागा होती. तिथे अशा छोट्या जागा पुष्कळ आहेत. एका शेतात फक्त पाचच कॅरव्हॅन लावायची परवानगी असते. सोयी म्हणजे एक नळ, विजेचा खांब आणि सांडपाणी-मैला ओतायची जागा. बस्स. कॅरव्हॅन उलटी मागे घेताना स्टिअरिंग आपल्या सवयीच्या विरुद्ध फिरवावं लागतं. आत्याने दोन प्रयत्नांत ती बरोबर आखलेल्या जागेत बसवली, पाणसळ ठेवून चाकाखाली पाचर सरकवली, चारी कोपऱ्यांचे पाय हँडलने खाली सोडले. आजी हातात पर्स घेऊन गवतात उभी राहून बघत होती. "बैलगाडी मागे घ्यायलासुद्धा दोन माणसं लागतात," एवढंच म्हणाली. पण आवाजात कौतुक होतं, आणि आत्याला ते ऐकू गेलं.

पाण्याची व्यवस्था मला सगळ्यात आवडली. चाळीस लिटरचं एक गोल प्लास्टिकचं पिंप असतं. ते नळावर भरायचं, दांडी अडकवायची आणि रोडरोलरसारखं गवतावरून घरंगळत आणायचं. आत नळ सोडला की छोटा पंप घुर्रर्र करतो. रात्री कोणी पाणी प्यायलं तरी सगळ्यांना कळतं. आजीला हे जमायला वेळच लागला नाही. इंदूरला जलूदहून चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं. चाळीस लिटरचा हिशोब आजीला कोणी शिकवायची गरज नाही. भांडी एका पातेल्यात, तांदळाचं पाणी वेगळं, तेच पुढे कप विसळायला. विजेचंही तसंच. किटली आणि हीटर एका वेळी लावले की खांबावरचं बटण पडायचं. मग अंधार नाही, पण चहा अर्धवट. अंधार नाही कारण जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. आजीची पंचाईत झाली, देवापाशी दिवा लावायचा कधी? सांज होतच नाही. शेवटी तिने इंदूरच्या घड्याळाने लावायचा असं ठरवलं, म्हणजे तिथल्या दुपारी. आत्याने आत गॅस असल्यामुळे निरांजन बाहेर पायरीवर ठेवायला लावलं. शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या म्हाताऱ्या जोडप्याला वाटलं आमच्यात कोणाचा वाढदिवस आहे.

संडासाची डबी रोज सकाळी चाकांवर ओढत नेऊन रिकामी करावी लागते. ते आत्या करायची. आजी मला हळूच म्हणाली, "हीच बेबी, घरी मोरी धुवायला सांगितलं की अभ्यास आहे म्हणायची."

आसपासचा भाग पीक डिस्ट्रिक्ट नावाने ओळखला जातो. १९५१ साली ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून तो जाहीर झाला. पण आपल्या कान्हासारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. इथे आत गावं आहेत, शेतं आहेत, चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले मैलोन्मैल बांध आहेत. आणि लोकांच्या शेतांतून पायवाटा जातात, त्यांवरून चालायचा कोणालाही हक्क आहे. बांधाला दगडी पायऱ्या काढलेल्या असतात. एकाहत्तर वर्षांची आजी साडी खोचून त्या चढली. मी फोटो काढला तर म्हणाली, "घरच्या ग्रुपवर टाकू नकोस."

कॅसलटनला एक मोठी गुहा आहे. तिच्या तोंडाशी शेकडो वर्षं दोर वळणारे कारागीर घरं बांधून राहत होते. त्यांच्या कामाच्या सपाट जागा अजून दिसतात. गुहेचं जुनं नाव सैतानाच्या बसण्याच्या भागावरून पडलंय. संपादकांना संकोच नको म्हणून इतकंच लिहिते. जवळच मॅम टॉर नावाचा डोंगर आहे, तो सतत घसरतो. त्याच्या पायथ्याचा मोटाररस्ता दुरुस्त करून करून लोक थकले आणि १९७९ साली तो कायमचा बंद केला. आता त्या रस्त्यावरून चालता येतं. डांबराचे थर पुस्तकाच्या पानांसारखे फाटून खाली-वर झालेत आणि मधली पांढरी रेघ एकदम माणूसभर खाली जाते. मला गुहेपेक्षा हा मोडका रस्ता जास्त आवडला.

अ‍ॅशफर्ड-इन-द-वॉटर नावाच्या खेड्यात (नाव खरंच असं आहे) विहिरी आणि झरे सजवायची प्रथा पाहिली. लाकडी फळ्या पाण्यात भिजवतात, त्यांवर ओल्या मातीचा थर देतात, बिया आणि सुक्या बोंडांनी चित्राची बाह्यरेषा आखतात आणि मग एकेक पाकळी चिकटवतात. पाकळ्या खालून वर, कौलांसारख्या एकावर एक, म्हणजे पाऊस आला तर पाणी ओघळून जावं. बहुतेक चित्रं बायबलमधली असतात. आठवडाभर टिकतात, मग काढून टाकतात. आजी बराच वेळ नाक लावून बघत होती. "ही तर उभी रांगोळी आहे," म्हणाली. मग तिने तिथल्या एका बाईंना खुणेने विचारलं, निळ्यासाठी कुठलं फूल? त्या बाईही खुणेनेच समजावत राहिल्या. दोघींचं छान चाललं होतं.

इथपर्यंत हे नेहमीचं प्रवासवर्णन आहे. चौथ्या दिवशी आम्ही ईमला गेलो.

ईम हे गाव इंग्रजीत लिहिलेलं वाचलं तर उच्चार चुकणार हे नक्की. डोंगरउतारावरचं टुमदार दगडी गाव. १६६५ च्या सप्टेंबरमध्ये इथल्या एका शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं म्हणून मदतनीस जॉर्ज व्हिकर्सने ते शेकोटीपुढे वाळत घातलं. त्यात पिसवा होत्या, आणि लंडनमध्ये तेव्हा प्लेग. व्हिकर्स काही दिवसांतच गेला. मग शेजारी, मग शेजारच्यांचे शेजारी. १६६६ च्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन यांनी गावाला सांगितलं, आपण बाहेर जायचं नाही. गाव त्यांना फारसं मानत नव्हतं, नवीनच होते. म्हणून त्यांनी आधीचे, पदावरून दूर केलेले पाद्री थॉमस स्टॅनली यांना सोबत घेतलं. दोघांचे धर्ममताचे वाद होते, तरी ह्या बाबतीत दोघं एक झाले. चर्चला कुलूप लावून प्रार्थना उघड्या घळीत सुरू झाली, घराघराने अंतर ठेवून. आपापलं माणूस आपणच पुरायचं, आपल्याच परसात किंवा शेतात. एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या बाईने ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. ती थडगी शेतात तशीच आहेत, भोवती गोल दगडी कुंपण. नोव्हेंबरमध्ये साथ थांबली तोवर सुमारे २६० माणसं गेली होती.

मराठी माणसाला प्लेग म्हटलं की १८९७ चं पुणं आठवतं. गोरे सोजीर घरात घुसून माणसं बाहेर काढतात, चापेकर बंधू रँडला गोळी घालतात. आणि त्याच साथीत रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले जातात. तिथे बंदोबस्त बाहेरून लादलेला होता. इथे गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं. निदान गोष्ट तरी तशी सांगतात. सगळ्यांनी मनापासून होकार दिला असेल का, ही शंका मला तिथल्या छोट्या संग्रहालयात पाट्या वाचतानाही येत होती. पण शंका घेणं सोपं असतं.

मी पाट्या वाचून आजीला मराठीत सांगत होते. मॉम्पेसननी गाव बंद करण्याआधी स्वतःच्या दोन लहान मुलांना बाहेर पाठवून दिलं होतं, हेही सांगितलं. बायको कॅथरीन मात्र गेली नाही. ती नवऱ्याजवळ राहिली आणि ऑगस्टच्या अखेरीस प्लेगनेच वारली. चर्चच्या आवारात तिचं थडगं आहे.

"पोरं आधी पाठवली ना?" आजी म्हणाली. "बरं केलं. शहाणी होती."

आत्या पुढे उभी होती. ती वळली. "आणि त्या पोरांना कोणी विचारलं, आई?"

आता मागचं सांगायला हवं. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे आजोबा गेले, इंदूरला, दुसऱ्या लाटेत. मी तेव्हा दहावीत होते. ते दवाखान्यात असताना आत्याने तिकीट काढलं होतं. त्याच आठवड्यात ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकलं. म्हणजे परतताना दहा दिवस हॉटेलात बंद, पण येता येत होतं. आजीने फोन करून सांगितलं, येऊ नकोस, तुझं लेकरू लहान आहे, इथे खाटा नाहीत, तुला काही झालं तर मी कोणाकडे बघू. आत्याने तिकीट रद्द केलं. अंत्यसंस्कार तिने बाबांच्या मोबाइलवर पाहिले, तेही मध्येच नेट गेलं. त्यानंतर चार वर्षं दोघी रोज फोनवर बोलत होत्या, भाजी काय केली, गुडघा कसा आहे. हा विषय मात्र कधीच नाही. आमच्या घरात सगळ्यांना हे माहीत होतं आणि सगळे जपून पावलं टाकत होते.

आजीने उत्तर दिलं नाही. संग्रहालयात शाळेची मुलं होती, गोंगाट होता. आम्ही बाहेर पडलो आणि खालच्या अंगाला शेतांतून चालत सीमेच्या दगडाकडे गेलो. ईम आणि शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या मध्ये गवतात एक मोठा धोंडा आहे, वरती खोलगट भोकं. गावकरी त्यांत व्हिनेगर ओतून पैसे ठेवायचे. पलीकडचे लोक धान्य, औषधं ठेवून पैसे घेऊन जायचे. व्हिनेगरने रोग मरतो अशी समजूत होती. आता भोकांत पावसाचं पाणी आणि येणाऱ्यांनी टाकलेली नाणी होती. जुनं दळणवळण म्हणून मी फोटो काढत होते, तेव्हा आत्या पुन्हा बोलली, अगदी साध्या आवाजात. "ती मुलं बाहेर होती. आई गेल्याचं त्यांना वडिलांच्या पत्रातून कळलं. वाचलंस ना तिथे? ती जगली, मोठी झाली. पण मला विचार, कशी."

आजी धोंड्यावर बसली. "बेबी, मी तुला येऊ दिलं नाही. आज पुन्हा तसं झालं तर पुन्हा नाही येऊ देणार." मग थोड्या वेळाने, "तू चिडायचंस तर चीड."

मला वाटलं होतं कोणीतरी रडेल. कोणी रडलं नाही. वाऱ्यावर मेंढ्यांचा आवाज येत होता. परतताना चढ होता आणि आत्याने आजीच्या कोपराला धरलं होतं, एवढंच.

त्या रात्री मी वरच्या अरुंद पलंगावर झोपेचं सोंग घेऊन पडले होते. शेतावर रात्री शांतता पाळायचा नियम, आणि कॅरव्हॅनच्या भिंती बिस्किटाच्या पुड्याएवढ्या जाड. त्यामुळे दोघी कुजबुजत बोलत होत्या. आत्या एकेक विचारत होती आणि आजी सांगत होती : ऑक्सिजन कुठून मिळवला, पीपीई घातलेल्या नर्सने फोन कानाशी कसा धरला, अस्थी खेडीघाटला कोणी नेल्या. मी घरातच होते, पण यातलं निम्मं मलाही नवीन होतं.

मग आजी म्हणाली, "तुझे बाबा दोनदा विचारत होते, बेबी निघाली का म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, निघाली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, मुंबईला उतरली, रात्रीपर्यंत येतेय."

बराच वेळ काही आवाज आला नाही. नंतर आत्या म्हणाली, "बरं केलंस." तिचा सूर मला कळला नाही, आणि आजही नक्की सांगता येणार नाही. मग पंप घुर्रर्र झाला, कोणीतरी पाणी प्यायलं. परत झाला. दोघी किती वाजेपर्यंत बोलत होत्या माहीत नाही, मी खरोखरच झोपले.

सकाळी पिंप कोरडं होतं. दोघी गाढ झोपलेल्या, आजीचा पाय आत्याच्या पांघरुणात. चहाला पाणी नव्हतं, म्हणून मी दांडी अडकवली आणि नळावर गेले.