आधी वहीखाली, मग बुडाखाली

चि. सोनूस,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या वर्गात पहिली-दुसरी एकत्र, खाली शहाबादी फरशी, बसायला विरलेल्या पट्ट्या, आणि बाकांच्या मागणीला 'पुढच्या वर्षी बघू' असं उत्तर. पुढच्या वर्षी यातली दुसरीची पोरं वरच्या वर्गात गेलेली असतील. म्हणून तू स्वतःच हातपाय हलवायचं ठरवलंस, हे मला फार आवडलं.

मात्र सुरुवात बाकांपासून करू नकोस. मांडी घालून बसणं आपल्या पोरांना जड जात नाही, त्या बैठकीत लिहिणं जड जातं. वही जमिनीवर, नाक वहीला टेकलेलं, पाठीला पोक. जरा वेळाने पोर पोटावर आडवं होतं आणि आपण 'नीट बस' म्हणून त्याच्यावरच ओरडतो. पैसा थोडा असेल तर तो आधी वहीखाली घालावा, बुडाखाली मागाहून.

बैठं डेस्क गावातला सुतार सहज करून देईल. दोन पोरांत एक, चार फूट लांब आणि फूटभर रुंद. आठ बाय चारच्या एका प्लायमधून अशा सहा फळ्या निघतात आणि चार बाय दोनचा तुकडा उरतो. त्यातूनच डेस्काला दोन असे बाराही पाय निघतात, प्रत्येक फूटभर रुंद. करवतीची वाट सोडून उंची साडेसात इंच धर. म्हणजे एका प्लायमध्ये बारा पोरांची सोय झाली. उंची मात्र माझ्या शब्दावर ठरवू नकोस. पोराला आसनावर मांडी घालून बसव, हात मोकळा सोडायला सांग आणि कोपर जमिनीपासून किती वर येतं ते सुतळीने मोज. लिहायची कड साधारण तिथेच हवी. पहिलीतल्या बुटक्यांसाठी दोन-तीन डेस्कं कमी उंचीची कर. पाय पुढच्या बाजूला इंचभर उतरते कापले की फळीला ढाळ येतो आणि मान कमी वाकते. पुढच्या कडेला बारीक पट्टी मारायला विसरू नकोस, नाहीतर पेन्सिली दिवसभर घरंगळत राहतील. फळीखाली मधोमध लांबीने एक जाड पट्टी हवी, नाहीतर फळीला झोळ येतो. खिळे नकोत, स्क्रू मारून घे. खिळा ढिला झाला की डोकं वर काढतो आणि गुडघा फाडतो. कडांवर पॉलिश पेपर तू स्वतः फिरव आणि उलट्या तळव्याने तपास. तिथली कातडी नाजूक, बारीकशी कुसही लगेच कळते.

आता आसनं. भुसार दुकानात जुनं बारदान स्वस्तात मिळतं. पोषण आहाराच्या रिकाम्या गोण्यांचा हिशेब द्यावा लागतो, त्यांना हात लावू नकोस. बारदान धुऊन कडक उन्हात वाळव, दीड फुटाचे चौकोन काप. दोन चौकोनांमध्ये जुन्या सुती साडीच्या चार-पाच घड्या घालून दाभणाने धावदोरा घाल, गोधडीला घालतात तसा. साडी ज्याच्या त्याच्या घरची मागव, आणि काठ बाहेरून गोटाला लाव. आपल्या आईच्या साडीचा काठ पोर लांबूनही ओळखतं, आणि ते आसन मग कोणी तुडवत नाही. पावसाळ्यात तुमच्याकडची फरशी ओल धरते, म्हणून तळाला जुन्या फ्लेक्सचा तुकडा शिव. चौकाचौकात ते उतरवून टाकलेले असतात.

रंगवलेल्या टायरांच्या बैठका फोटोत छान दिसतात, पण वर्गात आणू नकोस. उन्हात रबराचा वास सुटतो, आणि एखादा टायर बाहेर राहिला की त्यात पाणी साचून डेंग्यूच्या डासांची सोय होते. पुठ्ठ्याच्या खोक्यांची घडीची डेस्कं हलकी आणि सुबक होतात, पण तुमच्याकडच्या पावसात टिकणार नाहीत.

पोराला उचलता येईल असंच सामान कर, एवढा माझा आग्रह आहे. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडलं. तिथली बुटकी, हलकी टेबलं-खुर्च्या मुलं स्वतः हलवत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं हेच साधन मानलं. पुढे पोरं गुरं राखायला गेली तर शाळाच कुरणात नेली. जड बाक एका जागी ठाण मांडून बसतो आणि सगळ्यांची तोंडं फळ्याकडे वळवतो. तुझी डेस्कं दोन पोरं मिळून उचलतील. गोष्टीला गोल, गणिताला गट, जेवायच्या वेळी सगळी भिंतीला. एका खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या बाईला याहून मोठी मदत नाही.

खर्चाचं आधी मुख्याध्यापकांशी बोल. शाळेच्या अनुदानात वीजबिल, खडू, डागडुजी सगळंच बसवायचं असतं, त्यामुळे फार हाती लागणार नाही. गावातल्या सुताराला मजुरी मात्र पुरती दे, शाळेचं काम म्हणून फुकट मागू नकोस.

आणि डेस्कं झाली म्हणून बाकांची मागणी सोडू नकोस. पोरांना नीट बसवणं ही सरकारची जबाबदारी आहे, तुझ्या पगाराची नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत ठराव करून घे, तो वर लेखी पाठव आणि पोच घ्यायला विसरू नकोस.

तुझी,
मावशी