फेरूल आधी, लग नंतर

फेरूल आधी ओवायचं, लग नंतर दाबायचा. इलेक्ट्रिकल पॅनेलच्या वायरिंगला नव्याने बसलेल्या मुलाच्या कानावर हे वाक्य दिवसभर पडत असतं. ‘अरे, फेरूल टाकलंस का?’ शेजारचा जुना वायरमन मान वर न करता विचारतो. लग म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवायचा धातूचा तुकडा. तो दाबला की वायरीचं टोक रुंद होतं, आणि फेरूल, म्हणजे नंबर छापलेली ती पिवळी, नखाएवढी नळी, मग त्यावरून आत जात नाही. विसरलं तर लग कापा, वायर पुन्हा सोला. तोवर वायर आखूड झालेली. या कामात आधी नाव, मग जोडणी. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

भोसरीत किंवा नाशिकच्या अंबडला, पॅनेल बनवणाऱ्या एखाद्या शेडमध्ये जाऊन अर्धवट झालेलं पॅनेल जरूर पाहावं. एकाच रंगाच्या, एकाच जाडीच्या राखाडी वायरी पीव्हीसीच्या चॅनलमध्ये शिरतात आणि भलतीकडेच बाहेर निघतात. वर झाकण बसलं की आतला गुंता दिसेनासा होतो. वीज तर मुळात दिसतच नाही. उरतात फक्त दोन टोकं आणि त्यांवरचा एक नंबर. दोन्हीकडे तो सारखा असला, तरच ती वायर माणसाला कळते. फेरूलवर आकडे इंग्रजी असतात. नळी उलटी ओवली तर सहाचा नऊ होतो, म्हणून त्या आकड्यांखाली बारीक रेघ छापतात. ज्याने ही रेघ पहिल्यांदा सुचवली, त्याने कुठेतरी उलटं फेरूल वाचण्यात रात्र घालवली असणार, असं मला नेहमी वाटतं.

नंबर देण्याची एक पद्धत मला विशेष आवडते. तिच्यात एका टर्मिनलवरून चार ठिकाणी गेलेल्या चारही वायरींना एकच नंबर असतो. पण तीच वाट पुश बटणातून, रिलेच्या कॉन्टॅक्टमधून किंवा कॉइलमधून पलीकडे गेली की नवा नंबर घेते. बटण उघडं असताना अलीकडे व्होल्टेज असतं आणि पलीकडे नसतं, म्हणून. भीमा पंढरपूरला चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून चंद्रभागा होते. पाणी तेच राहतं. पॅनेलात मात्र नाव बदलायचं तर मध्ये दार असावं लागतं. हे एकदा उमगलं की नंबर वाचता वाचता सर्किट वाचता येतं. क्रॉस फेरूलिंगची तऱ्हा वेगळी. तिथे प्रत्येक टोकावर स्वतःचं ठिकाण आणि समोरच्या टोकाचं ठिकाण, दोन्ही लिहिलेलं असतं. वायर सुटून हातात आली तरी कुठे परत लावायची ते तिच्यावरच असतं.

सुट्या भागांना नावं दोन मिळतात. एक कारखान्यातून येतं. कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, कॉइलची टोकं ए१ आणि ए२. जादा कॉन्टॅक्टचा शेवटचा आकडा ३-४ असला तर तो एनओ, म्हणजे एरवी उघडा. १-२ असला तर एनसी, एरवी मिटलेला. म्हणून १३-१४ आणि २१-२२ हे आकडे पाहताच वायरमनचा हात थबकत नाही. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकांची पद्धत पाळणाऱ्या कुठल्याही कंपनीचा माल असो. दुसरं नाव आपण देतो: के१, के२, के३. या नावाची पट्टी कॉन्टॅक्टरवर चिकटवण्याचा मोह होतो, कारण तिथे सपाट जागा असते. पण कॉन्टॅक्टर जळला की बदलतात, आणि जुना भंगारात जाताना नावही घेऊन जातो. चॅनलच्या झाकणावर लावावी, तर दुरुस्तीनंतर झाकणं हमखास अदलाबदल होऊन बसतात. म्हणून पट्टी मागच्या पत्र्यावर, त्या जागेशेजारी लावायची. के१ हे नाव जागेचं आणि तिथल्या कामाचं. वस्तू येतील, जातील.

नंबर नसलेल्या वायरीपेक्षा मला चुकीच्या नंबराच्या वायरीची भीती जास्त वाटते. नंबर नसला की मेंटेनन्सचा माणूस थांबतो, मल्टीमीटर काढतो, दोनदा तपासतो. चुकीचा असला की तो विश्वास ठेवतो. खरं तर नंबर काहीही सांगो, सप्लाय गेल्याची खात्री मीटरने करूनच हात घालावा. पण रात्री दोन वाजता, लाइन बंद आणि वरून फोनवर फोन, तेव्हा छापील अक्षरावर माणूस भिस्त टाकतोच. आणि नंबर खोटे पडतात तेही अशाच रात्री. कॉन्टॅक्ट खराब झाला, शेजारचा रिकामा सापडला, वायर तिकडे घेतली, मशीन चालू झालं, सगळे घरी गेले. फेरूल जुनंच. दाराच्या आतल्या खिशातलं ड्रॉइंगही जुनंच. तिथे लाल पेनाने एक रेघ, नवा आकडा आणि तारीख टाकायला दोन मिनिटं लागतात. चांगला वायरमन कोण, हे मी वायरिंगच्या सरळ रेषांवरून ठरवत नाही. त्याच्या ड्रॉइंगवर लाल शाई आहे का, ते बघतो.

घरच्या डीबीचं, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीचं, तर विचारायलाच नको. दाराच्या आत नावांची पट्टी असते, एमसीबींच्या ओळीसमोर कोऱ्या चौकटी असतात, आणि घर जुनं झालं तरी त्या कोऱ्याच राहतात. हे काम दोघांचं आहे, रविवारी सकाळी सहज होण्यासारखं. एकाने डीबीपाशी उभं राहून एकेक एमसीबी पाडायची, दुसऱ्याने दिवे-पंखे लावून घरभर फिरायचं आणि ओरडून सांगायचं, ‘गेली, बेडरूमची गेली! बाल्कनीचीपण गेली!’ ऐकलं की लगेच लिहायचं, आणि बॉलपेनने नको, न पुसणाऱ्या मार्करने. फ्रिज कुठल्या एमसीबीवर आहे, हे अनेक घरांत तेव्हाच पहिल्यांदा कळतं.