‘पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे’

पदव्युत्तर वर्गाचे संशोधन-प्रकल्प तपासावयास आले, की आम्ही अनुक्रमणिका पाहतो आणि थेट ‘संशोधनपद्धती’ या शीर्षकाचे पान उघडतो. काळे रेक्झिनचे बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरे, आत ऋणनिर्देशाची अडीच पाने (ती बहुधा सर्वांत मनापासून लिहिलेली असतात), आणि मग हे प्रकरण. ते क्वचितच दोन पानांच्या वर जाते. त्यातील मुख्य वाक्य आम्हांस आता तोंडपाठ झाले आहे : ‘प्रस्तुत संशोधनासाठी वर्णनात्मक, विश्लेषणात्मक, ऐतिहासिक, तुलनात्मक व समाजशास्त्रीय पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.’ विषय एकाच लेखकाची एकच कादंबरी असला तरी तुलनात्मक पद्धत सुटत नाही. नेसत्या वस्त्रानिशी लग्न लागावे, पण सनई हवीच, असा काहीसा प्रकार.

या वाक्याला कर्ता नाही. अवलंब कोणी केला, कधी केला, अवलंब करताना नेमके काय केले, कशाला हात लावला आणि कशाला लावला नाही, हे काही कळत नाही. ‘अवलंब’ हा शब्दही आपल्या बोलण्यातून उठून गेला आहे; तो आता शासकीय परिपत्रकांत आणि या प्रकरणात तेवढा भेटतो. जो शब्द आपण घरी, वर्गात, पत्रात कधीच वापरत नाही तो संशोधनात मात्र आल्यावाचून राहत नाही, याचा अर्थ तेथे आपण बोलत नसून कोणते तरी विधीचे मंत्र म्हणत आहोत, असा घ्यावा लागतो.

या विधीचा उगम शोधणे कठीण नाही. संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकांचा साचा सामाजिक शास्त्रांकडून आला. गृहीतक, नमुना निवड, प्रश्नावली, व्याप्ती, मर्यादा हे सारे शब्द तेथे कामाचे आहेत, कारण तेथे कोणाला तरी भेटून काही तरी मोजायचे असते. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने तोच साचा उचलला आणि मग ‘ग्रामीण कादंबरीत ग्रामीण जीवनाचे चित्रण येते’ असे गृहीतक मांडले. शेवटच्या प्रकरणात ते सिद्ध होते. सिद्ध झाले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न आम्ही मौखिकीत विचारून पाहिला आहे. समोरचा विद्यार्थी आमच्याकडे दयेने पाहतो.

वास्तविक आपल्या भाषेच्या परिसरात या विद्येची परंपरा तोकडी नाही. तुकारामांच्या गाथेची इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली आवृत्ती १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित हे तिचे संपादक. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथल्या हस्तलिखितांचा त्यांनी उपयोग केला आणि ती कोणती, कोठली, हे प्रस्तावनेत नोंदवले. ‘विश्लेषणात्मक’ हा शब्द न वापरताही कोणत्या पायावर उभे राहून ही माणसे बोलत आहेत ते वाचकाला कळते, आणि पटले नाही तर कोठे बोट ठेवावे हेही कळते.

याहून मोठे उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वासाठी लिहिलेले १९३३ सालचे इंग्रजी प्रास्ताविक हे खरे तर संशोधनपद्धतीचे प्रकरणच आहे. उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरा, शारदा, नेपाळी, बंगाली, ग्रंथ, मलयाळम अशा लिप्यांतील पोथ्या, त्यांचे परस्परांशी नाते, कोणत्या पोथीवर किती विसंबायचे आणि का, याचा तेथे काटेकोर हिशोब आहे. या हिशोबात गणपतीने व्यासांचा लेखनिक होण्याची कथा संहितेबाहेर गेली. महाराष्ट्रात बसून गणपतीला बाहेर ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे! पण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे : ती कथा फेकून दिलेली नाही. ती परिशिष्टात आहे, नाकारलेले पाठ पानाच्या तळाशी आहेत. संपादकाचा निर्णय ज्याला मान्य नाही त्याने स्वतःचा निर्णय करावा, एवढी सामग्री त्याच पुस्तकात ठेवलेली आहे. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये याच आवृत्तीचा आधार घेतला. ‘युगान्त’ वाचून भांडणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले तर निम्मे भांडण योग्य जागी जाईल. असो.

हे सांगण्याचे कारण, विद्यार्थ्याने सुकथनकर व्हावे अशी अपेक्षा नाही. सहा महिन्यांत, इतर चार विषय सांभाळून, कोणी काही करू शकत नाही हे आम्ही जाणतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३पासून एम.ए.च्या पहिल्याच सत्रात संशोधनपद्धतीचा चार श्रेयांकांचा अभ्यासक्रम आला आणि दुसऱ्या वर्षात प्रकल्प आला. एम.फिल. २०२२च्या नियमांनी बंद झाले. म्हणजे पूर्वी जे काम थोडी उमज आलेली माणसे करीत, ते आता बाविशीतील मुलेमुली करतात. त्यांनी थोडेच करावे, पण जे केले ते सांगावे, इतकेच आमचे मागणे आहे. ते सांगणे किती जड जाते हे मात्र आम्हांस एका प्रकल्पाने शिकवले.

विषय होता एका तालुक्यातील जात्यावरच्या ओव्या. विद्यार्थिनी त्याच तालुक्यातली. पद्धतीच्या प्रकरणात ‘क्षेत्रीय अभ्यासपद्धती’ होती, ‘यादृच्छिक नमुना निवड’ होती आणि मर्यादांमध्ये ‘वेळेअभावी सर्व गावांना भेटी देणे शक्य झाले नाही’ असे होते. बाइंडिंग व्हायचे होते, म्हणून अंतर्गत मौखिकीत आम्ही सहज विचारले, की यादृच्छिक म्हणजे तू काय केलेस? ती घोटाळली. मग म्हणाली, ‘मॅडम, खरं सांगू का?’ आणि तिने जे सांगितले ते तिच्या नव्वद पानांत कोठेही नव्हते.

या ओव्या तिच्या आजीच्या होत्या, आजीच्या जावेच्या आणि शेजारच्या दोघींच्या. पहिल्या दिवशी मोबाइल समोर ठेवून आजीला गा म्हटले तर आजीला काही आठवेना. चार ओळी झाल्या की ती थांबे आणि ‘पुढं काय बाई’ म्हणून हसे. मग तिनेच सांगितले, की जाते मांडा. जाते परसात पालथे पडलेले, वरच्या पाळूवर तुळशीची कुंडी. ते धुऊन आत आणले, खुंटा सैल झाला होता तो चिंधी गुंडाळून ठोकला, मूठभर ज्वारी घातली. हातात खुंटा आल्यावर आजी तासभर थांबली नाही. एका ओवीला तिने दळणे थांबवून मोबाइल उलटा करायला सांगितले. ती ओवी सासऱ्याविषयी होती आणि बाहेर ओसरीवर मुलीचे वडील बसले होते. ती संग्रहात नाही. कापूस वेचणीचे दिवस असल्याने शेजारच्या दोघी रात्रीच भेटत, आणि दिवसभर वाकून आलेल्या बायकांच्या ओव्यांत पाठदुखी फार येते, हेही तिच्या ध्यानात आले होते.

आम्ही म्हटले, अगं, हेच लिही! हीच तुझी पद्धत. तिला ते खरे वाटेना. हे ‘संशोधनाच्या भाषेत’ कसे लिहायचे, असे तिने विचारले. ‘मी’ लिहायचे नसते असे तिला शाळेपासून सांगितलेले होते. आजी ही ‘निवेदक’ होऊ शकते, ‘माहितीदात्री’ होऊ शकते. आजी मात्र होऊ शकत नाही, असा तिचा समज.

त्यानंतर आमच्यापैकी एकीने तो प्रश्न विचारला, जो अशा कामात विचारावाच लागतो : या चौघी एकाच आळीतल्या, मग गावातल्या इतर वस्त्यांवरच्या बायकांच्या ओव्या? ती गप्प झाली. खाली पाहत म्हणाली, ‘तिकडं आमच्या घरचे जाऊ देत नाहीत.’ खोलीत आम्ही तिघे होतो, कोणीच काही बोलले नाही. ‘वेळेअभावी’ या शब्दाच्या आत काय काय बसू शकते ते समोर आले होते. प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर तालुका होता आणि आत एक आळी होती. तालुक्यातील स्त्रिया माहेराविषयी काय गातात, सवतीविषयी काय गातात, देवाविषयी काय गातात, असे निष्कर्ष जे तिने काढले होते, ते त्या आळीचे होते. दुसऱ्या वस्तीवरच्या बाईच्या ओवीत देव तोच आहे का, हे तिला ठाऊक नव्हते, आणि वाचकाला तर आपल्याला ते ठाऊक नाही एवढेही कळले नसते.

ती गेल्यावर स्टाफरूममध्ये वाद झाला. एकाचे म्हणणे, हे वाक्य प्रबंधिकेत आलेच पाहिजे, नाही तर सारे निष्कर्ष खोटे ठरतात. दुसरीचे म्हणणे, मुलीला त्याच घरी राहायचे आहे. ग्रंथालयातली प्रत गावात पोहोचायला वेळ लागत नाही. आपण परीक्षक म्हणून निघून जाऊ. तिसऱ्याने सुचवले, की शीर्षक बदलावे. ‘तालुक्यातील ओव्या’ याऐवजी ‘एका आळीतील चार स्त्रियांच्या ओव्या’ असे करावे. म्हणजे खोटेही नाही आणि घराची चर्चाही नाही. तोडगा चांगला होता, पण पुरा नव्हता. चारच का, हा प्रश्न शीर्षक लहान केल्याने लहान होत नाही. आजही आमचे यावर एकमत नाही, आणि ते व्हावे असा आग्रहही नाही. निर्णय तिच्यावर सोपवला.

आठवड्याने तिने पाच पाने आणून दिली. शीर्षक बदलले होते. जाते, खुंटा, उलटा ठेवलेला मोबाइल, सारे आले होते, आणि ‘मी’ होता, जरा बिचकत. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होते : ‘या आळीपलीकडील स्त्रियांकडे मी गेले नाही, कारण तिकडे जाण्यास घरून संमती नव्हती, म्हणून येथील निष्कर्ष त्यांना लागू करू नयेत.’ वाक्य आधी लिहून खोडलेले आणि पुन्हा लिहिलेले दिसत होते. बहिस्थ परीक्षकांनी ते वाचले. ‘भाषा थोडी वैयक्तिक झाली आहे’ असा शेरा दिला आणि गुण बरे दिले.

तिला आम्ही एक गोष्ट आधी दाखवू शकलो, याचे समाधान आहे. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांवर गाणाऱ्या. २०१७पासून त्या ‘पारी’वर क्रमाने प्रसिद्ध होत आल्या आहेत. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे, जात आहे. लोकसाहित्य म्हणजे ‘अनामिक लोकप्रतिभेचा आविष्कार’ असे जे आपण वर्गात सांगतो, त्याच्या शेजारी ही नावे ठेवून पाहावीत. गाणारी अनामिक नव्हती. लिहून घेणाऱ्याने नाव विचारले नव्हते. आमच्या विद्यार्थिनीने हे पाहिल्यावर पहिली दुरुस्ती केली ती आजीच्या नावाची. पहिल्या मसुद्यात ‘एक वृद्ध महिला’ होती.

अलीकडे एक नवी अडचण उभी राहिली आहे. दोनतीन वर्षांपासून पद्धतीची प्रकरणे फार सुबक येऊ लागली आहेत. शुद्धलेखन बिनचूक, ‘विषयगत विश्लेषण’, ‘हेतुपूर्ण नमुना निवड’ वगैरे संज्ञा जागच्या जागी. संगणकाला सांगितले की तो क्षणात लिहून देतो. आम्ही यावर फार रागावत नाही. जे प्रकरण मुळातच कोणी केलेले काम सांगत नव्हते, ते यंत्राने लिहिले काय आणि मागच्या वर्षीच्या प्रबंधिकेतून उतरवले काय. फक्त मौखिकीत प्रश्न बदलले आहेत. पद्धत कोणती, असे आता आम्ही विचारत नाही. पहिल्या दिवशी काय केलेस, कोणते पुस्तक उघडलेस, ते कोठून आणलेस, कोणते पान वाचून ठरवले की हे घ्यायचे नाही, असे विचारतो.

यंदा एकाने केशवसुत घेतले आहेत. कवितेतील बदलत्या जाणिवेचा आलेख काढायचा आहे, आणि पहिल्या मसुद्यात अर्थातच वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धत होती. केशवसुत १९०५ साली गेले; त्यांच्या कवितांचा संग्रह हरिभाऊ आपट्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केला. तेव्हा क्रमावरून आलेख काढण्याआधी तो क्रम कोणी आणि कशाच्या आधारे लावला, तू वाचतो आहेस ती आवृत्ती कोणती, एवढे दोनच प्रश्न त्याला दिले. तो ग्रंथालयात जाऊन परत आला. प्रतीची सुरुवातीची पाने गेलेली आहेत, म्हणून साल व संपादक सांगता येत नाही, असे त्याने कळवले, आणि मसुद्यातही ते तसेच लिहून टाकले आहे. आता दुसरी प्रत शोधायची आहे. जिल्हा ग्रंथालयात एक असावी असे ग्रंथपाल म्हणतात. शनिवारी तो जाणार आहे.