सिद्धगडच्या वाटेवर दोन आजोबा

आसनगावला गाडी थांबली तेव्हा नुकते उजाडले होते. तारीख १ जानेवारी २०२५. कसारा लोकलमधून उतरणारे आम्ही चारपाचजण. बाकी सगळी गर्दी समोरच्या फलाटावर, मुंबईकडे डोळे लावून उभी. नववर्षाच्या पहिल्या दिवशी शहाणी माणसे महाबळेश्वर नाहीतर गोवा गाठतात. "तुम्ही मुरबाडला काय निघालात?" असे आमच्या मंडळींनी आदल्या रात्री विचारलेच होते. मी म्हटले, "दोन आजोबांचं भांडण मिटवायला." त्यावर त्यांनी डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या. हे भांडण एका डब्यात मिटणारे नाही, हे त्यांना ठाऊक होते.

स्टेशनाबाहेर पडलो की माहुलीचा डोंगर आपले सुळके घेऊन समोर येतो. निजामशाहीच्या अखेरच्या दिवसांत, १६३६ साली, शहाजीराजांनी याच किल्ल्याचा आसरा घेतला होता. आता पायथ्याने रस्ता, रेल्वे आणि नळ जातात. नळ म्हणजे आपल्या घरचा नळ नव्हे. माणूस उभा राहील एवढे जाड लोखंडी नळ, मुंबईला पाणी नेणारे. तानसा, मोडकसागर, भातसा ही सगळी धरणे या शहापूर तालुक्याच्या आसपासची. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल उजाडला की टँकर येतो. दादरला बादली भरताना हे आपल्याला आठवत नाही. आठवण्याचे कारणही नसते, नळ सोडला की पाणी येते.

शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाणारी एस.टी. पकडली. कल्याणहून सरळ गेलो असतो तर वेळ वाचला असता, पण मला या वाटेवरची एक शाळा पाहायची होती. रस्त्याच्या कडेने अर्ध्या चड्डीतली पोरे घामाघूम होऊन धावत होती. "भरतीची पोरं," कंडक्टर म्हणाला, "रोज दिसतात. कुणी पोलिसात, कुणी मिल्ट्रीत." माझ्या शेजारी वालाच्या शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्या आपणहून म्हणाल्या, "आमचाबी पळतो. मी म्हटलं पोलिसात जा. मिल्ट्रीचं नको." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "पण लागला तर नाय म्हणणार नाय मी."

डोक्यावरून विजेच्या तारा चालल्या होत्या. भाताच्या रिकाम्या खाचरांत पाय रोवून उभे असलेले मनोरे एकामागून एक मागे पडत होते. माझ्या दोन आजोबांचे भांडण या मनोऱ्यांवरूनच झाले.

थोरले आजोबा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, कल्याणच्या लष्करी छावणीत कोठाराचे कारकून होते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठा कॅम्प वसला होता. १९४७ नंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्याचे उल्हासनगर झाले. तिथे आजोबा सायकलने जात. घोंगड्या किती, बूट किती, डबाबंद मासळी किती, याचा हिशेब त्यांच्याकडे. धाकटे नाना-आजोबा मुरबाडच्या बाजूला प्राथमिक शिक्षक. एकाला युद्ध पगार देत होते. दुसरा वर्गात पोरांना सांगत होता की हे युद्ध आपले नाही.

दोघांच्याही बाजूने त्या वेळी महाराष्ट्रात मोठमोठी माणसे उभी होती, हे आता आपण विसरून गेलो आहोत. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले, ते इथल्या लोकांना न विचारताच. काँग्रेसची मंत्रिमंडळे राजीनामे देऊन बाहेर पडली. सावरकर मात्र तरुणांना सांगत होते, सैन्यात शिरा, शस्त्र शिकून घ्या. डॉ. आंबेडकरांना हिटलरचा विजय म्हणजे माणुसकीचा पराभव वाटत होता. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली आणि जुलै १९४२ मध्ये ते स्वतः व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. कम्युनिस्टांनी हिटलरने रशियावर चाल केल्यानंतर या युद्धाला लोकयुद्ध म्हटले. आणि ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री गवालिया टँकवर गांधीजींनी दुसराच मंत्र दिला. आमच्या वाड्यात या सगळ्या मतांचे लोक राहत होते, आणि पाण्याची विहीर एकच होती. आजी म्हणे, रहाटाचा आवाज कमी आणि वादाचा जास्त.

मुरबाडच्या डोंगरात हा वाद बोलण्यापुरता राहिला नाही. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे नाभिक समाजातल्या गरीब घरातून शिकून वकील झालेले तरुण. लोक त्यांना भाई म्हणत. सावकाराच्या कचाट्यातून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठी काढली, खेड्यांत शाळा काढल्या. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले आणि आझाद दस्ता उभा केला. मुंबईच्या गिरण्या, कारखाने आणि रेल्वे चालत त्या सह्याद्रीतल्या विजेवर. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे, भिऱ्याचे १९२७ चे. तिथून निघालेल्या तारा याच डोंगरातून, याच खाचरांतून मुंबईला जात. युद्ध होते लिबियात आणि ब्रह्मदेशात. पण त्याची एक शीर इथल्या शेतकऱ्याच्या बांधावरून गेली होती. दस्त्याने ती शीर धरली. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात लोखंडी करवतींनी पाय कापून अकरा मनोरे पाडले. दिवसा भात कापायचा आणि रात्री मनोरा, असे हे काम.

आमच्या घरी वीज नव्हतीच. मनोरा पडला काय नि उभा राहिला काय, आजीची चिमणी तशीच धूर ओकत होती. पण त्या बातमीने आजोबा संतापले. त्यांच्या बहिणीचा मुलगा मराठा पलटणीत होता, आणि तो जहाजात बसला तो कुठल्या देशाला, हे पत्रातून कळत नव्हते. सेन्सॉर तेवढेच नेमके खोडत असे. आजोबा नानांना म्हणाले, "कारखाना बंद पडला तर गोळ्या कमी कुणाला पडतील? चर्चिलला, की आपल्या बाळूला?" नाना म्हणाले, "बाळूला तिकडे पाठवलं कुणी, ते आधी विचार." हे त्या दोघांचे शेवटचे बोलणे. पुढे नाना संशयावरून पकडले गेले, सहा महिने तुरुंगात राहिले आणि नोकरीला मुकले.

बाळू परत आला. सगळेच आले नाहीत. कोकणातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. तुकडीतले सगळे मेल्यावर किंवा जायबंदी झाल्यावर हा बाविशीतला गडी एकटा मशिनगनवर धावून गेला, ते ठाणे त्याने घेतले आणि मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांनी ते कात्रण जपून ठेवले होते. नानांसमोर मात्र कधी काढले नाही.

शाळा मला सापडली. म्हणजे जागा सापडली. इमारत नवी, रंगवलेली, भिंतीवर पाढे. मास्तरांनी चहा दिला. नानांचे नाव तिथे कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सरळगावला बस बदलली आणि संध्याकाळी मुरबाडला एका स्नेह्यांकडे मुक्काम टाकला.

२ जानेवारीला पहाटेच्या अंधारात जीपने निघालो. म्हसे गावात शेकोट्या पेटल्या होत्या. पौष पौर्णिमेची इथली बैलांची यात्रा दहाबारा दिवसांवर आली होती. नारिवलीकडे वळलो तसा गारठा वाढला आणि आभाळात सिद्धगडाचा काळा आकार दिसू लागला. माझे गुडघे सत्तर वर्षांचे. गडावर जायचा प्रश्नच नव्हता. जायचे होते ते खालच्या रानातल्या स्मारकापर्यंत. १९४३ साली याच तारखेला पहाटे पोलिसांनी दस्त्याचा तळ गाठला. भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील तिथे गोळ्यांना बळी पडले. कोतवाल तीस वर्षांचे होते. दर वर्षी या दिवशी लोक इथे जमतात. शाळेची मुले होती, म्हातारी होती, पुढारी येणार होते. पुढाऱ्यांआधी पोचलो याचे समाधान वाटले.

गर्दीपासून जरा बाजूला एक गृहस्थ ताठ उभे होते. अंगावर साधा स्वेटर, पण डोक्यावर हिरवी लष्करी टोपी. त्यांनी स्मारकाला कडक सलाम ठोकला. मला नवल वाटले. सरकारी फौजेचा माणूस, आणि सरकारच्या तारा तोडणाऱ्याला सलाम! विचारल्याशिवाय राहवेना. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले हवालदार निघाले, पलीकडच्याच एका पाड्यावरचे.

"हवालदारसाहेब," मी म्हटले, "तेव्हा आपलीच मराठा पोरं परदेशात लढत होती. इथे तारा तोडल्या. तुम्हाला राग येत नाही?"

"येतो का बघतो हां," असे म्हणून ते खरोखरच थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिकडं गेलेल्या पोराला कुणी इचारलं व्हतं का, लढाई पायजे का म्हणून? पोटासाठी गेला. ह्यांनाबी नव्हतं इचारलं. दोघांनाबी नाय इचारलं, तर मी एकावर राग का धरू?"

मी त्यांना आमच्या घरची गोष्ट सांगितली. एका आजोबांनी कोठार सांभाळले, दुसरे तुरुंगात गेले. नंतर एकोणीस वर्षे दोघे दिवाळीत एका पंगतीला बसत, पण चकलीसुद्धा एकमेकांकडे सरकवत नसत. मग ऑक्टोबर १९६२ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, चीनने हल्ला केला. मी सात वर्षांचा होतो. घरोघरी स्वेटर विणणे सुरू झाले, बायका बांगड्या देऊ लागल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. एके दिवशी नाना बाहेरून आले तेव्हा बोट मोकळे होते. लग्नातली अंगठी त्यांनी संरक्षण निधीला देऊन टाकली होती. बेचाळीसला युद्धाला विरोध केला म्हणून ज्यांची नोकरी गेली, त्यांची ही अंगठी! आजोबांनी चष्म्यावरून पाहिले आणि एकोणीस वर्षांनी तोंड उघडले. म्हणाले, "पावती घेतलीस का?"

हवालदार खो खो हसले. मग त्यांना सांगितले की आजोबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत ती पावती निघाली, आणि तिच्याखाली १९४३ सालच्या सहा मनीऑर्डरींच्या पावत्या. नाना तुरुंगात असताना नानी-आजीला दर महिन्याला पैसे येत ते कुणा परगावच्या स्नेह्याकडून, असे तिला वाटत होते. ते छावणीच्या पगारातून येत होते. नाना तेव्हा हयात होते. त्यांनी त्या पावत्या दोनदा मोजल्या आणि उठून परसात गेले.

हवालदार हसायचे थांबले होते. जरा वेळाने म्हणाले, "१९९९ ला, कारगिलच्या वेळी, मी काश्मिरात व्हतो. शाळांतल्या पोरांची पत्रं यायची, पोती भरून. समद्यांत एकच: धडा शिकवा, खतम करा. चांगलं वाटायचं, नाय कशाला म्हणू? पण एका पोरीनं लिवलं व्हतं, 'काका, तिथे थंडी वाजते का?' तेवढं पत्र मी ठेवलंय."

त्यांनी माझा फोन नंबर घेतला, घरी नेऊन नाचणीची भाकरी खाऊ घातली आणि विहिरीचा तळ दाखवला. "मार्चपर्यंत पुरंल," म्हणाले.

मला स्वतःचे मत विचाराल तर आजोबांचा बाळूबद्दलचा प्रश्न आजही मला खोटा वाटत नाही, आणि नानांचे उत्तरही. सत्तराव्या वर्षीही मला त्यांचा निकाल लावता आलेला नाही. ज्यांच्या घरचा कुणी गेलेला नाही, त्यांचा आवाज मात्र सर्वांत मोठा असतो, हे मी आमच्याच सोसायटीत पाहिले. ते पुढच्या मे महिन्यात.

७ मे २०२५ ला भोंग्यांच्या सरावाची धामधूम झाली. पाकिस्तानशी चकमक सुरू होती. आमच्या इमारतीत रात्री दोनपर्यंत टीव्ही चालू. खालच्या मजल्यावर टाळ्या, वरच्या मजल्यावर फटाके. शांततेबद्दल कुणी एक वाक्य लिहिले तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटातून त्याला हाकलून द्यायची भाषा. मला एकदम हवालदारांची आठवण झाली. फोन लावला.

"पुतण्या तिकडं हाय," ते म्हणाले. "चार दिस फोन नाय. घरात टीव्ही बंद ठेवलाय. त्याची आई बघती नि मग जेवत नाय."

मी काय बोलणार? "काही लागलं तर कळवा," असे म्हणालो. शहरातला माणूस याहून जास्त काही म्हणत नाही.

१० मेच्या संध्याकाळी गोळीबार थांबल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन आला.

"पुतण्याचा फोन आला सकाळी. बरा हाय. टीव्ही लावला आता." मागे बायकांचा गलका आणि हंड्यांचा खडखडाट ऐकू येत होता. "जरा ठेवतो हां, साहेब. टँकर आलाय."